कृषिमंत्र्यांचं काम मोजायचं कशावर? (धागा सोलापूरकरांसाठी, बाकीच्यांचंही स्वागत)

सीनाकाठ

३१ जुलै २०२५ रोजी राज्याचं कृषिखातं माणिकराव कोकाटे यांच्याकडून दत्तात्रय भरणे यांच्याकडे आलं. भरणे आपल्याला नवे नाहीत. २०२० ते २०२२ मध्ये ते सोलापूरचे पालकमंत्री होते आणि त्यांचं इंदापूर उजनीच्याच काठावर आहे. म्हणून जिल्ह्यात त्यांचं नाव निघालं की चर्चा लगेच उजनीच्या पाण्यावर जाते. पाण्याचा विषय महत्त्वाचा आहेच, पण कृषिमंत्री म्हणून कोणाचंही काम तपासायला ते माप अपुरं आहे.

आधी क्रम लावतो. मधली काही आठवड्यांची तात्पुरती वाटपं सोडली आहेत.

एकनाथ खडसे, ऑक्टोबर २०१४ ते जून २०१६. पांडुरंग फुंडकर, जुलै २०१६ ते मे २०१८ (३१ मे रोजी पदावर असतानाच निधन). त्यानंतर चंद्रकांत पाटील यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार. डॉ. अनिल बोंडे, जून ते नोव्हेंबर २०१९. दादाजी भुसे, २०२० च्या सुरुवातीपासून जून २०२२. अब्दुल सत्तार, ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३. धनंजय मुंडे, जुलै २०२३ ते नोव्हेंबर २०२४. कोकाटे, डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५. मग भरणे.

अकरा वर्षांच्या आत नववं नाव. त्याआधी बाळासाहेब थोरात २००४ नंतर आणि राधाकृष्ण विखे पाटील २०१० नंतर, दोघांनाही सलग काही वर्षं मिळाली होती. डाळिंबाची बाग धरायला जेवढा काळ लागतो तेवढाही अलीकडच्या बहुतेकांना मिळालेला नाही. मग यश-अपयश कोणाच्या नावावर मांडायचं? भाषणांवरून नको, कागदावरून बोलू. शासन निर्णय, अर्थसंकल्पाचं पुस्तक, विधिमंडळातलं उत्तर, असं काही हातात असेल तर इथे लिहा.

कोरडवाहू

आधी कृषिमंत्र्याच्या हातात काय असतं ते स्पष्ट करू, निम्मे वाद तिथेच मिटतील.

हातात आहे ते: कृषी आयुक्तालय (पुणे) आणि त्याखालची साखळी. आपल्यासाठी ती पुण्याचे विभागीय कृषी सहसंचालक, सोलापूरचे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, मग उपविभाग, तालुका, मंडळ आणि गावपातळीवर कृषी सहायक (२०२५ पासून पदनाम ‘सहायक कृषी अधिकारी’) अशी उतरते. बियाणं-खतं-कीटकनाशकांचं गुणनियंत्रण, पीक विमा, ठिबक-तुषार अनुदान, फळबाग लागवड, यांत्रिकीकरण, महाबीज (राज्याचं बियाणे महामंडळ) आणि चार कृषी विद्यापीठं. विद्यापीठांचे प्रतिकुलपती कृषिमंत्रीच असतात. आपला जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो.

हातात नाही ते: बाजार समित्या, कर्जमाफी, साखर कारखाने (तिन्ही सहकार व पणन). पंचनाम्यानंतरची नुकसानभरपाई (मदत व पुनर्वसन). उजनीचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी (जलसंपदा). बंधारे, पाझर तलाव (मृद व जलसंधारण). सातबारा आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून होणारी पिकाची नोंद (महसूल). शेतीपंपाची वीज (ऊर्जा). हमीभाव आणि कांद्याची निर्यातबंदी तर थेट दिल्ली.

कोणता निर्णय कोणत्या विभागाचा हे ओळखायची सोपी खूण आहे. शासन निर्णयावर संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे तारीख दाखवतात आणि शेवटचे दोन विभाग. शेवटी ०१ असेल तर कृषी, ०२ सहकार व पणन, १९ महसूल व वन. पुढाऱ्याच्या पत्रकापेक्षा हे दोन आकडे जास्त सांगतात. आणखी एक: शासन निर्णयावर मंत्र्याची सही नसते. तो ‘राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने’ निघतो, सही सचिव, उपसचिव किंवा अवर सचिवांची असते. मंत्र्याचं काम त्याच्या आधीच्या फाइलवर आणि मंत्रिमंडळाच्या टिप्पणीवर झालेलं असतं. प्रस्तावनेत मंत्रिमंडळ बैठकीची तारीख दिलेली असेल तर ती टिपून ठेवा.

कांदापेठ

कोरडवाहू म्हणतात त्याचं सोलापुरातलं सर्वांत ठळक उदाहरण २०२३ चं कांदा अनुदान. त्या फेब्रुवारीत सोलापूर बाजारात ५१२ किलो कांदा विकून बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा धनादेश पडला. ती पट्टी (आडत्याने दिलेली विक्रीची हिशेबपावती) राज्यभर फिरली आणि सगळा राग कृषिमंत्र्यांवर निघाला. पुढे अनुदान जाहीर झालं क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे कमाल २०० क्विंटल, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ दरम्यान विकलेल्या कांद्यासाठी. ते पणनकडून निघालं, कृषीकडून नाही.

अडकलं कुठे? सातबाऱ्यावर कांद्याची नोंद मागितली गेली. लाल कांदा लागवडीच्या वेळी अनेकांची ई-पीक पाहणी झालीच नव्हती, म्हणजे अडथळा महसूलच्या नोंदीत. पट्टी एकाच्या नावावर आणि सातबारा दुसऱ्याच्या, हा दुसरा अडथळा, तो आपल्या घरांतला. बाप-लेकाच्या सामाईक रानात हे सर्रास होतं. तीन खाती आणि एक शेतकरी, अशी ती गाठ होती.

यातला कृषिखात्याचा भाग वेगळा आहे: साठवणीसाठी कांदाचाळ अनुदान, बियाण्याची गुणवत्ता, लागवडीचा अंदाज वेळेत जाहीर करणं. कृषिमंत्र्याला जाब विचारायचा तर या तीनवर.

माढा_२०२५

हे सगळं पटतं, तरी एक हरकत आहे. अशी खाती वाटून दिली की प्रत्येक मंत्री सुटतो. पूर आला की कृषिमंत्री बांधावर येतात, फोटो निघतात, आश्वासन देतात. मग पैसे मदत व पुनर्वसनचे म्हणून हात वर करायचे? मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते ना?

कोरडवाहू

हरकत योग्य आहे. सामूहिक जबाबदारी आहेच. पण एक लक्षात घ्या: नुकसानीचं क्षेत्र किती, पीक कोणत्या अवस्थेत होतं, किती टक्के गेलं, हा अहवाल कृषी विभागाच्या माणसांवाचून होत नाही. पंचनाम्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तिघांच्या सह्या लागतात. सहायकांची पदं रिकामी असतील आणि एकाकडे चार-पाच गावं असतील तर पंचनामे रखडतात, आणि ती रिक्त पदं भरणं कृषिमंत्र्याचं काम. म्हणून पुराच्या वेळी त्यांना ‘मदत किती देणार’ याच्या जोडीने विचारायला हवं: माझ्या मंडळात मंजूर पदं किती, भरलेली किती?

सीनाकाठ

सप्टेंबर २०२५ चा पूर इथे मांडतोच, कारण या जिल्ह्यापुरती तीच ताजी कसोटी आहे. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यात सप्टेंबरचा वाटा सर्वांत मोठा. त्या महिन्यात वरच्या भागातली अतिवृष्टी आणि सीना-कोळेगावसह वरच्या प्रकल्पांचा विसर्ग एकदम आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत सीना नदीचं पाणी रानांत घुसलं, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला.

७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बारमाही बागायतीला ३२,५००, मर्यादा ३ हेक्टर. हे आकडे फोडून वाचा. आपत्ती निधीचे मूळ दर ८,५००, १७,००० आणि २२,५००. त्यावर रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० राज्याने जोडले. दोन्ही रकमा वेगवेगळ्या आदेशांनी आल्या, त्यामुळे खात्यात एकदा ८,५०० पडले की ‘फसवलं’ अशी ओरड झाली. आधी दोन्ही आदेश बघायचे, मग बोलायचं.

खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि ३ लाखांपर्यंतचं काम रोजगार हमीतून. गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,०००. यातलं रोजगार हमीचं काम सर्वांत अवघड. वाहून गेलेल्या मातीची जागा तलावाच्या गाळाने भरायची तर वाहतूक यंत्रानेच होणार आणि रोजगार हमीचे नियम मजुरीच्या प्रमाणावर चालतात. गावचा कामांचा आराखडा त्या प्रमाणात बसवून दिल्याशिवाय हे पैसे जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत.

पैसे न मिळण्याची कारणं बहुतेक ठिकाणी तीच निघतात. सामाईक खात्यात इतरांचं संमतीपत्र नाही. मयत खातेदाराची वारस नोंद झालेली नाही. आधार बँक खात्याला ‘लिंक’ आहे पण अनुदान जमा होण्यासाठी ‘सीडेड’ नाही; हे दोन वेगळे प्रकार आहेत, बँकेत जाऊन तो शब्द उच्चारून विचारा. आणि शेतकरी ओळख क्रमांक काढताना सगळे गट जोडलेले नाहीत: एक गट जोडला की क्रमांक मिळतो, माणूस निश्चिंत होतो आणि नदीकाठचा दुसरा गट यादीबाहेर राहतो.

विमाहप्ता

पुराबरोबर पीक विमा बघायलाच हवा, कारण तो पूर्णपणे कृषिखात्याचा आहे आणि त्याच्यावर चार मंत्र्यांचे हात उमटले आहेत.

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात एक रुपयात विमा जाहीर झाला. मांडणी वित्तमंत्री देवेंद्र फडणवीस यांची. जूनमध्ये शासन निर्णय निघाला तेव्हा खातं सत्तार यांच्याकडे. जुलैत मुंडे आले. पावसाच्या खंडानंतरची २५ टक्के आगाऊ भरपाई आणि कंपन्यांशी झालेली ओढाताण त्यांच्या काळातली. शासकीय जमीन, बिनशेती, देवस्थानं यांच्यावर विमा उतरवलेले बोगस अर्ज लाखांच्या घरात सापडले. योजना तीन वर्षांची होती, ती तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर बंद झाली. २९ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाचा निर्णय, मे महिन्यात शासन निर्णय, खातं कोकाटे यांच्याकडे. पूर आला तेव्हा खातं भरणे यांच्याकडे.

बदल नेमका काय झाला? शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के, नगदी पिकांना ५ टक्के. त्याहून मोठा बदल असा: स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणं आणि काढणीनंतरचं नुकसान, ही चारही दारं बंद झाली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे निवडक प्लॉट कापून काढलेलं सरासरी उत्पादन.

त्याचा हिशेब असा चालतो. गेल्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांचं महसूल मंडळाचं (काही गावांच्या गटाचं) सरासरी उत्पादन, त्याचे ७० टक्के म्हणजे उंबरठा. समजा उंबरठा हेक्टरी १,२०० किलो, यंदाचं मंडळाचं उत्पादन ९०० किलो. तूट ३००, म्हणजे २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० धरली तर भरपाई १२,५००. (आकडे समजण्यापुरते.) आता सीनेकाठचं सोयाबीन शंभर टक्के गेलं, पण त्याच महसूल मंडळातली माळावरची रानं बरी राहिली आणि सरासरी १,२५० भरली, तर काठावरच्या शेतकऱ्याला शून्य. जुन्या नियमात त्याने ७२ तासांत कळवलं असतं तर स्थानिक आपत्तीखाली त्याच्या एकट्याच्या शेताची पाहणी झाली असती.

नदीकाठच्या गावांसाठी या निर्णयाचं वजन सर्वांत जास्त आहे. बोगस अर्ज थांबवायचे होते तर ओळख क्रमांक आणि पीक पाहणीची सक्ती त्यासाठी होतीच. दारं बंद करण्याचं कारण खर्च हे होतं आणि ते तसं मांडलं जायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

पीक कापणी प्रयोग गावात होतो तेव्हा हजर राहण्याचा हक्क ग्रामस्तरावरच्या समितीला आहे. प्लॉट यादृच्छिक आकड्यांवरून निवडायचा असतो, सोयीचं शेत बघून नाही. कापणी, मळणी आणि वजन तिथेच, आणि नोंद मोबाइलवर त्याच जागेवरून. ओल्या शेंगांचं वजन धरलं गेलं आणि वाळवल्यानंतरचं वजन नोंदलं नाही की उत्पादन फुगतं आणि सगळ्या मंडळाची भरपाई जाते. तिथे कोणीतरी उभं राहिलंच पाहिजे.

मंगळवेढा_काळीरान

थोडं मागे जाऊ. कृषिमंत्र्यांची चर्चा वसंतराव नाईकांशिवाय पुरी होत नाही. द्विभाषिक मुंबई राज्यात त्यांनी कृषिखातं सांभाळलं, मग डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ मुख्यमंत्री. त्यांचा जन्मदिवस १ जुलै कृषिदिन म्हणून पाळला जातो. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (१९७२) ही चारही विद्यापीठं त्यांच्या काळातली. संकरित ज्वारीचा प्रसारही तेव्हाचा. सीएसएच-१ हे वाण १९६४ चं.

पण सोलापूरच्या दृष्टीने इथे एक खोच आहे. तो संकर खरिपाचा होता. मंगळवेढा, मोहोळ, बार्शीची ज्वारी रब्बीची: सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर पेरायची आणि थंडीत काळ्या रानातल्या साठलेल्या ओलाव्यावर पोसायची. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी (एम ३५-१) इथे टिकून राहिली, कारण भाकरीची चव, कडब्याची प्रत आणि कमी ओलीत तग धरणं या तिन्हींत तिला तोड मिळाली नाही. राज्याच्या ज्वारी-क्रांतीचं पीक आपल्या वाट्याला कमीच आलं. सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र १९३३ पासून आहे. तिथलं काम (बंदिस्त वाफे, सरी-वरंबे, आंतरमशागतीने भेगा बुजवणं) मंत्र्यांच्या भाषणांत क्वचित येतं, पण रब्बीची दोन-तीन पोती जास्त त्यानेच येतात.

आपल्या जिल्ह्याला बदललं दोन गोष्टींनी. एक उजनी: एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात उपयुक्त ५३.५७. दुसरी, १९९० ची रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. डाळिंब आणि बोर सांगोला, मंगळवेढ्याच्या माळांवर पसरलं ते या योजनेने. पवार २००४ ते २०१४ केंद्रीय कृषिमंत्री आणि त्यातली शेवटची पाच वर्षं माढ्याचे खासदार. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ चं. २०१६ मध्ये सोलापूर डाळिंब आणि मंगळवेढा ज्वारी, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं.

उलट्या बाजूलाही एक नोंद हवी. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात श्री अन्न (भरडधान्य) उत्कृष्टता केंद्र सोलापूरला जाहीर झालं. नोव्हेंबर २०२३ च्या आदेशाने ते बारामतीकडे वळवलं गेलं आणि इथे मोठा विरोध झाला. तो निर्णय कृषी विभागाचाच होता. ज्या जिल्ह्याच्या ज्वारीला मानांकन आहे त्याच्याकडून ज्वारीचं केंद्र काढायचं, याला शास्त्रीय आधार काय, हे लेखी सांगायला हवं होतं.

भगवा_आरक्ता

फळबागेवरून: फुंडकरांच्या नावाची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना (२०१८) हे एका मंत्र्याच्या कारकिर्दीचं टिकाऊ काम आहे. रोजगार हमीत न बसणाऱ्या शेतकऱ्यांना तिने दार उघडलं. आपल्या भागात किमान ०.२० आणि कमाल ६ हेक्टर. अनुदान तीन वर्षांत ५०:३०:२० असं. अडचण दुसऱ्या हप्त्यात येते: पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत हवीत. डाळिंबात मर आणि खोडकिडीने तेवढी झाडं राहत नाहीत. नांग्या भरून घ्या (मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावा) आणि मग पाहणीला बोलवा. नांग्यांचा खर्च आपला असतो.

ठिबकचंही लिहून ठेवतो. केंद्राच्या योजनेत अल्प-अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५. राज्य पूरक अनुदान घालून ८० आणि ७५ करतं, ५ हेक्टरपर्यंत. पूर्वसंमती मिळण्याआधी संच बसवला की अर्ज बाद. आणि पूरक वाटा राज्याचा असल्याने तो उशिरा येतो: आधी ५५ पडतात, उरलेल्या २५ साठी वर्षभर वाट बघावी लागते. हा उशीर किती, यावर कृषिमंत्र्याची परीक्षा घ्या.

पुस्तकी_हिशेब

तो उशीर घरबसल्या दिसतो. अर्थसंकल्पात कृषी सेवा ही मागणी क्रमांक डी-३. त्यात मुख्य लेखाशीर्ष २४०१ म्हणजे पीक संवर्धन. त्याखाली १०३ बियाणं, १०९ विस्तार व प्रशिक्षण, ११० पीक विमा, ११९ फलोत्पादन. संशोधन व शिक्षण २४१५. तुलनेसाठी नैसर्गिक आपत्ती मदत सी-६ मध्ये, लेखाशीर्ष २२४५, आणि सहकार व्ही-२ मध्ये, २४२५.

पुस्तकात प्रत्येक ओळीसमोर आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. मंत्री शेवटचा आकडा सांगतात. तुम्ही पहिला बघा. सुधारित अंदाज मूळ अंदाजाच्या खूप खाली असेल तर वर्षाच्या मध्येच कात्री लागली. नंतर ‘बीम्स’ या राज्याच्या निधी-वितरण प्रणालीवर वितरित निधी आणि खर्च वेगवेगळे दिसतात. तरतूद १००, वितरण ६०, खर्च ५५ असं दिसलं तर ४० वित्त विभागाने रोखले आणि ५ कृषी विभागाला वापरता आले नाहीत. पहिल्यासाठी कृषिमंत्र्याने वित्तमंत्र्यांशी भांडायला हवं होतं, दुसऱ्यासाठी स्वतःच्या विभागाशी. ३१ मार्चला परत गेलेली रक्कम महालेखापालांच्या विनियोजन लेख्यात येते.

पुरवणी मागण्यांकडेही लक्ष ठेवा. विम्याचा राज्य हिस्सा आणि ठिबकचा पूरक वाटा बहुधा तिथे येतो. मूळ अर्थसंकल्पात कमी धरून पुरवणीत घालणं म्हणजे शेतकऱ्याचे पैसे डिसेंबरच्या अधिवेशनापर्यंत ढकलणं.

माढा_२०२५

उपयोगी आहे हे. मग भरणेंचं आतापर्यंतचं एका जागी कोणी मांडेल का? उजनीसकट.

पुस्तकी_हिशेब

गाव अंथुर्णे, तालुका इंदापूर. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचे अध्यक्ष, पुढे पुणे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. २००९ ला अपक्ष लढून हर्षवर्धन पाटील यांच्याकडून हरले. २०१४, २०१९ आणि २०२४ तिन्ही वेळा त्यांनाच हरवून आमदार. महाविकास आघाडीत राज्यमंत्री, मृद व जलसंधारण, वने, पशुसंवर्धन अशी खाती. डिसेंबर २०२४ पासून क्रीडा व अल्पसंख्याक विकास, आणि जुलै २०२५ च्या अखेरीस कृषी.

उजनीचा मुद्दा: एप्रिल २०२१ मध्ये पुण्याकडून उजनीत येणाऱ्या सांडपाण्यातले ५ टीएमसी इंदापूरकडे उचलण्याच्या सर्वेक्षणाचा आदेश निघाला. जिल्हाभर आंदोलनं झाली आणि मे २०२१ मध्ये जलसंपदा मंत्री जयंत पाटील यांनी तो रद्द केला. आदेश जलसंपदाचा होता, पण भरणे तेव्हा आपले पालकमंत्री, म्हणजे उजनीच्या कालवा सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. ज्या समितीने लाभक्षेत्राचं आवर्तन ठरवायचं तिच्या अध्यक्षाच्या मतदारसंघाला नवं पाणी, हा हितसंबंधांचा प्रश्न होता आणि सोलापूरकरांचा राग रास्त होता. कृषिखात्याच्या कामात मात्र तो मिसळू नये. तिथे प्रश्न वेगळे: नदीकाठच्या मंडळांसाठी विम्याचं स्थानिक आपत्तीचं दार परत उघडणार का, पूरक अनुदान किती महिन्यांत देणार, सहायकांची पदं कधी भरणार.

बार्शी_सोयाबीन

गुणनियंत्रण राहिलं. उगवण न झालेल्या सोयाबीनच्या तक्रारी दर जूनमध्ये येतात. प्रमाणित सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के हवी. पावती, पिशवी, त्यावरची खूणचिठ्ठी आणि मूठभर बियाणं राखून ठेवा. लेखी तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. तालुका तक्रार निवारण समिती शेतावर येते, तिचा अहवाल ग्राहक आयोगात पुरावा होतो. पेर उशिरा मोडली तर पाहणीला रान सापडत नाही, म्हणून तक्रार आठ-दहा दिवसांतच.

कंपनीवर खटला टिकत नाही त्याचं कारण नमुना. निरीक्षकाने दुकानातल्या बंद पिशवीतून कायद्याप्रमाणे नमुना काढून त्याचे तीन भाग करायचे: एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक राखीव. तक्रार येईपर्यंत तो लॉट विकून संपलेला असतो. म्हणजे नमुने मे महिन्यात, विक्रीच्या आधी निघायला हवेत. खरीप आढावा बैठकीत मंत्र्याला विचारायचा प्रश्न हाच: जिल्ह्यात मे अखेर किती नमुने काढले, किती अप्रमाणित निघाले, किती प्रकरणं कोर्टात गेली?

सीनाकाठ

हे आकडे माहिती अधिकारात मिळतात. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, १० रुपये शुल्क. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. म्हणून नमुने, रिक्त पदं आणि ठिबकची थकीत देयकं यांचे तीन वेगळे अर्ज करा. ‘का’ विचारू नका, ‘नोंदवहीची प्रत द्या’ असं लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तेही नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग.

मिळालेली प्रत अधिवेशनाच्या आधी आपापल्या आमदाराकडे द्या, तारांकित प्रश्नासाठी. सभागृहात मंत्र्याने ‘कार्यवाही करू’ म्हटलं की ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समितीपुढे जातं. खातं दुसऱ्याकडे गेलं तरी उत्तर विभागाला द्यावंच लागतं.

कोणी अर्ज करणार असेल तर तालुका आणि विषय इथे लिहा, दोघांनी तोच अर्ज करायला नको. मोहोळची रिक्त पदं मी घेतो.

बार्शी_सोयाबीन

बार्शीचे बियाणे नमुने माझ्याकडे. उत्तर आलं की प्रत इथे लावतो.